हौसाक्काच्या रानावरचं पाणी

मार्च महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळ. ठिकाण: मेढ्याच्या पुढे, धरणाचा काठ. हजर: मी; माझे यजमान, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार; काठावरच्या वाडीतल्या हौसाक्का; त्यांचा मुलगा तानाजी; आणि पाण्यात उभी असलेली आमची शिडाची होडी. गैरहजर: मेढ्याचे फारूकभाई वेल्डर, कारण घरात पुतणीचं लग्न.

हजेरी घ्यायची सवय मला दुकानामुळे लागली. सांगलीत मी शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान चालवते. कोण आलं, कोण नाही, काय संपलं, काय मागवायचं, हे सगळं लिहून काढल्याशिवाय मला सकाळचा चहा जात नाही. त्या रविवारीही मी आधी माणसं मोजली आणि मग पाण्याकडे बघितलं. लगेच बघायचं धाडस नव्हतं; वर्षअखेरच्या हिशेबांपायी आमचे तीन-चार रविवार हुकले होते.

होडी उतरवायचा सिमेंटचा उतार पाण्यात शिरतो, असा माझ्या डोळ्यांना सराव. त्या दिवशी तो मधेच तुटल्यासारखा हवेत संपला होता. त्याच्या टोकाखाली भेगा पडलेला गाळ, त्याखाली दमट गाळात कडवळाचे, म्हणजे वैरणीच्या ज्वारीचे, हिरवे पट्टे, आणि त्याच्याही खाली लांबवर उरलेलं पाणी. त्या पाण्यात होडी डोलकाठी ताठ धरून उभी होती. आपल्या पायाखालून काय निघून चाललंय याची तिला काही कल्पना नसावी, अशी.

"मार्चातच एवढं?" सुभेदार म्हणाले.

हौसाक्कांनी पदर डोक्यावर ओढला. "त्या सालाला एवढं खाली जायला एप्रिल सरला हुता," त्या म्हणाल्या.

त्या सालाला. आम्हा चौघांत हे दोन शब्द एवढेच म्हटले तरी पुरतात. कुठलं साल हे कुणी विचारत नाही.

सुभेदार कुंडलचे. कुंडलच्या माणसानं शिडाची होडी बाळगायची म्हणजे भावकीला वर्षभराचं खाद्य. आमच्या थोरल्या दिरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते जेवत होते. घास हातातच धरून म्हणाले, "हितं टँकरच्या मागं घागरी घेऊन पळतोय आमी, आन ह्यानं जहाज घेतलंय व्हय रं?" तेव्हापासून कुंडलात सुभेदारांना कप्तान म्हणतात आणि मला कप्तानीण.

सुभेदार फौजेत शीड चालवायला शिकले, आणि छावणीत बायकांसाठी वर्ग निघाला तेव्हा मीही शिकले. निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्याची ही फायबरची होडी आम्ही आणली. चौघं बसतील एवढीच. पण तिच्या तळाला लोखंडाचं जड पातं कायमचं बसवलेलं आहे. त्यामुळे वाऱ्यात ती सहसा कलंडत नाही. मात्र त्याच पात्यामुळे तिला छातीभर पाणी लागतं. पाणी त्याहून कमी झालं की पातं गाळात टेकतं, आणखी कमी झालं की होडी एका कुशीवर पडते, आणि पडली त्या जागी दगड असला की तिचा तळ फुटतो. म्हणून पाणी उतरायच्या आत तिला गाड्यावर चढवून बाहेर काढायचं. इतकं साधं काम. साध्या कामांचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ती पुढे ढकलली जातात.

आणि होडी गेली तर? हा प्रश्न मी फार वेळा मनात येऊ देत नाही. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं सुभेदार घरात राहायचे ते चौकीवर उभं राहिल्यासारखे. दार वाजलं की उठायचे, कुकर वाजला की उठायचे. दुकानात बसवलं तर गिऱ्हाइकाला सावधान करून सोडायचे. "मोटर कोणती? मोठ्यानं बोल, गड्या!" होडीत मात्र शिडात वारा भरला की यांचे खांदे खाली येतात. ते बघायला मी सांगलीहून मेढ्यापर्यंत दर रविवारी गाडी चालवते. शिडाची दोरी एका हातात आणि डोळे अर्धे मिटलेले, असा हा माणूस मला दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

त्या सालाची चाहूल मला दुकानातच लागली होती. संक्रांत झाली आणि पाइपांना मागणी सुरू झाली. कुणाला पंपापासून पाण्यापर्यंतचा पाइप वाढवून हवा, कुणाला विहिरीत मोटर आणखी खाली सोडायची म्हणून दोर हवा. पाणी खाली जातं तशी माझ्या दुकानात गर्दी वाढते. हे बोलायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे. माणसं काउंटरवर कोपर टेकून उभी राहायची आणि एकमेकांना विचारायची, "तुमचं कुठवर गेलं?" ताप कितीवर गेला असं विचारतात ना, तसं. मी पाइप मोजून द्यायची आणि मनात होडीच्या पात्याचा हिशेब करायची. एकदा एक ओळखीचे शेतकरी मेढ्याकडच्या मेहुण्यासाठी लांबलचक पाइप घेऊन गेले. ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की हा पाइप आता त्याच धरणात जाणार. माझ्या दुकानातला पाइप माझ्या होडीखालचं पाणी उपसणार होता.

सांगलीला पाण्याची भीती म्हटलं की ती पुराची. आमच्या दुकानाच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ आहे. रंग दिला तरी ती खालून उमटतेच. तिच्याखाली उभं राहून मी रोज सकाळी फोनवर धरणाच्या पातळीचा संदेश वाचायची, आणि तो आकडा रोज कालच्यापेक्षा लहान असायचा. इकडे जास्तीची भीती, तिकडे कमीची. दोन्ही गावांच्या मधल्या रस्त्यावर माझा रविवार जायचा.

दर रविवारी आम्ही होडी थोडी आत नेऊन उभी करायचो. मी बांबूवर रंगाचे पट्टे ओढले होते. तो तळाला टेकवायचा, ओला भाग बघायचा, आणि सुभेदारांना ओरडून सांगायचं. पाणी पुढे आणि आम्ही मागे. मागे राहिलेल्या जमिनीला एक वेगळाच वास. शेवाळाचा, शिंपल्यांचा, आणि खूप दिवस बंद असलेला पितळी डबा उघडल्यावर येतो तसा. झाडांचे बुंधे वर आले. इतकी वर्षं ज्यांच्यावरून आम्ही निर्धास्त गेलो होतो ते हे बुंधे, टोकं वर करून बसलेले.

हौसाक्कांची ओळख तिथलीच. एका सकाळी काठावरून हाक आली.

"आवं वैनी, नाव जरा सरकवा की! बांधावर हुबी केलीया!"

मी चहूकडे बघितलं. नुसतं पाणी. "कुठला बांध?"

"आमचा!" त्यांनी नऊवारीचा काष्टा वर खोचला, कमरेइतक्या पाण्यात आल्या आणि हातातली काठी खाली आपटली. दगडाचा आवाज आला. "ह्यो बगा. ह्याच्या अल्याड आमचं रान, पल्याड भावकीचं. भावकीच्यात लावा की नाव. त्यांचं आमचं न्हाईतरी जमत न्हाई."

एक पिढी उलटून गेली होती हे रान पाण्याखाली जाऊन. हौसाक्का सून म्हणून आल्या तेव्हा इथं त्यांनी भात लावला होता, आणि धरण भरलं तशी वाडी वर डोंगराच्या कडेला गेली. पण पाणी उतरलं की गाळातली ही जमीन उघडी पडते. वर्षापुरती परवानगी काढून तिथं पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. कुणी कुठं पेरायचं हे कागदावर काहीही असलं तरी वाडीची माणसं आपापल्या जुन्या बांधावर जाऊन उभी राहतात. आणि बांधाबरोबर बांधावरचं भांडणही वर येतं. हौसाक्का आणि त्यांची भावकी पाणी असेपर्यंत एकमेकांच्या घरी लग्नाला जातात. पाणी उतरलं की बोलणं बंद.

मी होडी सरकवली. भावकीच्या बाजूला.

त्या सालाला पाणी लवकर उतरलं म्हणून रान जास्त उघडं पडलं, आणि सगळ्यांनी कडवळ पेरलं. माणसांचं काहीतरी होतं, जनावरांचं काय करायचं हाच प्रश्न होता. एक दिवस हौसाक्का गाळात वाकून काहीतरी शोधत होत्या. टिटवीची अंडी. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस दांडगा, खाली पाण्याजवळ घातली तर पावसाला उशीर, असं त्यांचं गणित.

"पाक खाली घातल्याती," त्या म्हणाल्या. "औंदा आषाढाशिवाय पानी न्हाई."

मी माझ्या फोनवरचा हवामानाचा अंदाज वाचून दाखवला. तोही उशीरच म्हणत होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे मान हलवली. पुढे टिटवीही चुकली आणि फोनही.

एप्रिल संपता संपता आमचा घात झाला तो होडीच्या पुढच्या बाजूनं नव्हे, मागच्या बाजूनं. माझं सगळं लक्ष पाण्यावर होतं. पाठीमागे सिमेंटच्या उतारापासून पाण्यापर्यंत कडवळ कमरेला लागलं होतं, हे मी बघितलंच नव्हतं. म्हणजे बघितलं होतं, हिरवंगार म्हणून कौतुकही केलं होतं. होडीचा गाडा त्यातून जायचा आहे हे मात्र यादीत लिहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंना बुंधे आणि दगड. गाडा जाईल अशी सपाट जागा एकच, आणि ती हौसाक्कांच्या कडवळाच्या बरोबर मधून.

सुभेदार आणि मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. चहा आला. हवापाण्याचं बोलून झालं. मी शेवटी म्हणाले, "आक्का, वाट द्याल का? गाड्यापुरती."

"वाट?" त्यांनी कप खाली ठेवला. "आवं, पोटऱ्यात आलंय कडवळ. आत्ता कापलं तर निम्मी बी वैरण हुनार न्हाई."

"नुकसान भरून देतो," सुभेदार म्हणाले.

"पैसं म्हशी खात न्हाईत, सुभेदार. इकत घ्यायला वैरण हाय का कुठं?"

नव्हती. आम्हालाही ते ठाऊक होतं. गोठ्यात म्हैस शेपटी आपटत होती. मी मनात होडी कुशीवर पडलेली बघत होते, आणि हौसाक्का मनात काय बघत होत्या ते त्या गोठ्याकडे वळून बघायच्या त्यावरून कळत होतं.

मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या फोनात धरणाचं पानी कळतं म्हनं?"

"रोज सकाळी."

"खाली जाताना मला दिसतं. रोज बघत्येच की मी. पर वर येताना न्हाई दिसत. पाऊस पडतो तिकडं वरच्या अंगाला, हितं ऊन असतं, आन झोपून उठावं तवर पान्याचं तोंड कडवळात. लय येळा गेलंय असं. खालचा दुसरा फुटवा कापायचा ऱ्हातो तवाच येतं ते." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "वर यायला लागलं की मला आदी सांगायचं. शब्द द्या, आन न्या तुमची नाव."

मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः विळा घेतला आणि हिरव्या कडवळातून गाड्याच्या रुंदीची वाट कापली. कापलेल्या पेंढ्या डोक्यावरून नेताना एकदाही आमच्याकडे बघितलं नाही.

होडी ओढायचा दिवस आठवला की मला अजून हसावं की कपाळ धरावं हे कळत नाही. पाण्याच्या कडेला होडी गाड्यावर नीट चढली. फारूकभाईंनी गाडा नवा बांधून दिला होता. तानाजीचा ट्रॅक्टर लावला तर चाकं जागेवर फिरून गाळात बसली. गाड्याचा दांडा तर दिसेनासा झाला. ऊसवाल्यांच्या मुलखातली माणसं आम्ही, अशा वेळी काय करायचं हे आम्हाला विचारावं लागत नाही. डबल ट्रॅक्टर. चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली दोन ट्रॅक्टर एकापुढे एक जोडून काढतात. सुभेदारांनी हुकूम सोडला. दुसरा ट्रॅक्टर वाडीत एकाच घरी होता, भावकीच्या. तो आला, पण त्याचा चालक आणि तानाजी एकमेकांशी बोलत नव्हते.

आता उसाच्या ट्रॉलीला पुढे कडी असते, तिथं साखळी अडकवायची. होडीलाही पुढे कडी आहे. ती आहे हलकी, धक्क्याला दोरीनं बांधून ठेवायला. दांडा गाळात बुडालेला, आणि कडी डोळ्यांसमोर. कुणी अडकवली, हे विचारायची सोय नाही, कारण तेव्हा सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं होतं. मलासुद्धा.

"तानाजीला सांगा, मी म्हणंल तवाच ओढायचं," पुढचा चालक सुभेदारांना म्हणाला.

"त्याला सांगा, म्हनाय तोंड उघडावं लागतं," मागून तानाजी.

"दोघंही गप्प! माझ्या तीनवर!" सुभेदार गरजले. पण त्यांचा ‘एक’ ऐकूनच पुढचा ट्रॅक्टर निघाला. साखळी ताणली, हिसका बसला, आणि होडीची कडी फायबरचा हातभर तुकडा घेऊन उडाली. होडी गाड्यावरून अर्धी खाली घसरली आणि थांबली. दोन्ही इंजिनं बंद झाली. टिटव्या तेवढ्या ओरडत होत्या.

सुभेदारांचा चेहरा मी बघितला नाही, मुद्दाम. फारूकभाई चिखल तुडवत पुढे गेले, भोकात हात घालून आतून चाचपलं, आणि म्हणाले, "नथ तुटलीय भाभी. नाक शाबूत हाय. चला, दांडा उकरा."

दांडा उकरला. चाकांखाली डहाळ्या टाकल्या. हौसाक्का काठावर बसून होत्या, त्या उठल्या, दोन्ही चालकांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोघांना एकाच वेळी म्हणाल्या, "आता माझ्या हाताकडं बगा, मुडद्यांनो." हात खाली आला तेव्हा दोन्ही ट्रॅक्टर एकदम निघाले. होडी कडवळाच्या मधून वर आली. दोन्ही बाजूंना हिरवी ताटं आणि मधून पांढरी होडी, इतकी सावकाश की ती वाऱ्यावर चालल्यासारखी वाटत होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्या दिवसापासून माझ्या मानेवर दुसऱ्याच्या पिकाचं ओझं बसलं.

पुढचा दीड महिना मी सकाळचा संदेश वाचायची ती होडीसाठी नाही. आकडा खाली गेला की आता मला बरं वाटायला लागलं होतं. सांगलीत सगळे आभाळाकडे तोंड करून बसलेले, दुकानात येणारा प्रत्येक माणूस पावसाचं विचारणारा, आणि मी एकटी मनात म्हणतेय की अजून थोडं थांब, खालच्या रानात कापणीनंतर फुटलेला दुसरा फुटवा कापायचा आहे. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लोकांनी वेड्यात काढलं असतं. लोकांना पाणी हवं होतं आणि मलाही हवंच होतं. पण कधी, हे आपल्या हातात नसतं, म्हणून काळजी.

ज्या दिवशी आकडा पहिल्यांदा वर गेला, बोटभरच, त्या दिवशी मेढ्यात ऊन होतं. मी तानाजीला फोन लावला. लागला नाही. वाडीत फोनला रेंज मिळते ती फक्त शाळेच्या पायरीवर, आणि पायरीवर कोण कशाला बसून राहील? पुन्हा लावला. पुन्हा. दुकानात गिऱ्हाईक उभं, मी त्याला पंपाचा चुकीचा पंखा देतेय. शेवटी फारूकभाईंना लावला. "पाणी वर येतंय. आक्कांना सांगा." त्यांनी एक शब्दही न विचारता दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला.

आम्ही दुपारपर्यंत पोचलो. तोवर ढग आले होते. सगळी वाडी खालच्या रानात होती, विळे चालत होते. मीही विळा घेतला. बांधाच्या अल्याड हौसाक्कांच्या घरची माणसं, पल्याड भावकी, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण दोन्हीकडचे हात एकाच वेगानं चालले होते, बहुतेक शर्यतच. पाणी आवाज न करता येतं. मी एक पेंढी बांधून ठेवली आणि दुसरी बांधून वळले तर पहिलीखाली ओल आली होती. शेवटच्या सऱ्या आम्ही घोट्याभर पाण्यात उभं राहून कापल्या. थोडं कडवळ राहिलं. ते उभंच पाण्यात गेलं, आणि पाण्याखाली काही वेळ हिरवं दिसत होतं.

हौसाक्का म्हणाल्या, "शब्द पाळला गं बाई." पहिल्यांदाच त्यांनी मला अगं म्हटलं.

धरण भरल्यावर होडी पुन्हा पाण्यात गेली. पण त्यानंतर शीड उभारून त्या बाजूला जाताना मला खालचा नुसता तळ दिसेना. हा बांध, हे त्यांचं, हे भावकीचं. वारा आला की होडी हौसाक्कांच्या रानावरून सरकन निघून जायची, आणि मला चपला घालून कुणाच्या तरी माजघरातून गेल्यासारखं व्हायचं. एकदा तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या हसल्या. "रान काय झिजतंय व्हय नावंनं? पानी हाय तवर तुमी फिरवा. पानी न्हाई तवा आमी हाय."

यंदा मार्चातच उतरलेल्या त्या पाण्याकडे बघत उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात कामांची रांग लागली होती. गाडा फारूकभाईंकडे चाकं काढून पडलेला, तो लग्न उरकल्यावर जोडून घ्यायचा. दोन ट्रॅक्टर सांगून ठेवायचे. साखळी गाड्याच्याच दांड्याला. आणि मग कडवळाच्या पट्ट्यांकडे नीट बघितलं. कोवळं होतं, वीतभर. मधून मात्र एक सरळ मोकळा पट्टा वरपासून पाण्यापर्यंत गेलेला. मला वाटलं, बी उगवलं नाही.

"न्हाई काकू," तानाजी म्हणाला. "ती तुमची वाट. पानी उतरलं की आई आदी ती आखती, मग बाकीचं पेरती. त्या सालापासनं."

त्या सालानंतर आम्ही होडी उताराला पाणी असतानाच बाहेर काढायचो, म्हणून इतकी वर्षं माझ्या यादीत ही वाट कुठेच नव्हती, आणि त्यांनी ती दर उन्हाळ्यात नापेर ठेवली होती.

"औंदा म्या म्हनलं पेरू या," तानाजी पुढे बोलत होता. "आमच्या अक्कीच्या, भनीच्या, सासरची हीर आटली, तिची जनावरं बी आमच्याच दावनीला आल्याती. वैरण पुरायची न्हाई. तर आई..."

"गप रं तू!" हौसाक्का एकदम म्हणाल्या. "लय शाना झालास. शब्द दिलाय म्या."

"शब्द तेव्हाचा होता आक्का," मी म्हणाले. "माझा फिटला, तुमचाही फिटला. पेरा ती वाट."

"आन नाव?"

"होडीचं मी बघते."

"काय बगता? पानी दोन हप्त्यात जाईल हितनं. कडवळ निघंस्तवर कुठं ठिवता तिला, आभाळात?"

उभ्या आयुष्यात यादी न करता मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. मी सुभेदारांकडे बघितलं. ते होडीकडे बघत होते. त्यांचे खांदे घरात असतात तसे, वर ओढलेले होते. या माणसाची एवढी एकच गोष्ट आहे आणि ती मी यांना न विचारता गाळात टाकायला निघाले होते.

"ओल किती दिवस टिकंल, आक्का?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच दीस. मग पेरून उपेग न्हाई."

"तेवढ्यात गाडा काही जोडून होत नाही. मग आजच पेरायचं," ते म्हणाले. "तानाजी, बी आण गड्या." आणि मग माझ्याकडे न वळता, "तिला आत नेऊ. दगड नाहीत अशा जागी, बसू दे गाळात. पण पडता कामा नये. दोन्ही कुशींना आधार पाहिजे. वाळूची पोती. पाणी कमरेइतकं असतानाच लावावी लागतील, नंतर जमणार नाही."

"पडली तर?"

"पडली तर फारूकभाई आहेत."

आम्ही तिघांनी मिळून वाट पेरली, हौसाक्का बी टाकत पुढे, तानाजी आणि मी मागे माती ओढत. त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही. सुभेदार बांबू घेऊन पाण्यात उतरले आणि संध्याकाळपर्यंत तळ चाचपत फिरले. गाळ मऊ आहे, दगड नाही, अशी एक जागा मिळाली. आम्ही होडी तिथं नेऊन उभी केली. शीड उतरवून घडी केली. डोलकाठी अजून उभीच आहे.

सांगलीच्या बाजारातून मी हळदीची रिकामी पोती आणली. मजबूत आहेत, शिवण दोनदा तपासली. दुकानाच्या मागच्या खोलीत घड्या घालून ठेवली आहेत, आणि ती खोली आता हळदीच्या वासानं भरली आहे. वाळू मेढ्याला मिळेल, तानाजी ट्रॉली देतो म्हणालाय. कडवळ उगवून वर आलंय, असा त्याचा काल फोन होता. आज सकाळचा आकडा कालच्यापेक्षा खाली आहे. पाणी अजून छातीला लागतं म्हणे, पण कमरेला यायला फार दिवस नाहीत. पोती भरायची राहिली आहेत.